मुंगीच्या चुका

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईनं आज आमच्या नातीच्या, मुंगीच्या फ्रॉकला आतून खिसा शिवला आणि त्यात यंत्र ठेवून बघितलं. काडेपेटीएवढं, काळं. वर हिरवा दिवा, तोही शिवणीखाली झाकलेला! दर बुधवारी आणि शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते चालू राहणार म्हणे. मुंगीच्या कानावर जे जे पडेल, ते ते सगळं त्यात भरलं जाणार.

"कशाला हे?" मी विचारलं.

"संस्थेच्या कामासाठी, बाबा. लहान मुलं भाषा कशी शिकतात, ते बघतोय आम्ही. वीस घरं निवडलीत. त्यात आपलं एक."

वीस घरांत आपलंच का? मुलगा समोर बसून बूट पुसत होता. त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं हे?" आधी गप्प. मग म्हणाला, "हो." बस्स. एक अक्षर.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. मजकुरात नको तिथं मोकळी जागा दिसली, की समजायचं, इथून काहीतरी गळलंय. हा मुलगा प्रत्येक उत्तराआधी अशी जागा सोडतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढं काय लपवायचं असतं?

५ फेब्रुवारी, बुधवार

यंत्राचा पहिला दिवस. सूनबाई नऊला गेली, मुलगा त्याआधीच. पाच वाजेपर्यंत घरात मी, मुंगी आणि ती काडेपेटी. जाताना सूनबाईनं मला बटणं दाखवली. हे दाबलं की चालू, हे दाबलं की झालेलं ऐकू येतं. "मध्येच बंद पडलं तर बघाल ना, बाबा?" किती गोड बोलते!

दिवसभर शुद्ध बोललो. एकदाही शिंकलो नाही मोकळेपणानं. मुंगीनं दूध सांडलं तेव्हा तोंडात आलेलं परत गिळलं. संध्याकाळी घसा दुखत होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाकावर बाइंडर भेटला. आमच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचा. आता दोघं एकाच बाकावर पाय हलवत बसतो. त्याला यंत्राचं सांगितलं.

"पोरीच्या फ्रॉकात?" तो म्हणाला. "अरे, पोरगी पावणेतीन वर्षांची. ती काय बोलणार? दूध दे आणि शी आली. तुझ्यावर आहे ते यंत्र."

"माझ्यावर कशाला?"

"दिवसभर घरात कोण असतं? म्हातारा पोरीवर ओरडतो का, झोपा काढतो का, कळायला नको? पुरावा जमवायचा, आणि मग एक दिवस गोड आवाजात सांगायचं, बाबा, तुम्ही थोडे दिवस ताईकडे जाऊन राहता का?"

बाइंडरचं डोकं नेहमीच वाकडं चालतं. तरी घरी येताना मनात पाल चुकचुकलीच. ताई, म्हणजे माझी मुलगी, राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथं मुंगी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सूनबाई इस्त्री करत होती. मी मुद्दाम खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, बघू तरी, काय शोधते आहे ही.

बरंच बोलली. तिच्या शास्त्रात पक्ष आहेत, राजकारणासारखेच. मी माझ्यापुरती त्यांना नावं ठेवली. पहिला पोपट-पक्ष. मूल ऐकतं, तसं बोलतं, बरोबर आलं की शाबासकी, चुकलं की दुरुस्ती. माझं मत नेमकं हेच! तर म्हणाली, हा पक्ष आता म्हातारा झाला. (माझ्याकडे न बघता म्हणाली.)

दुसरा बी-पक्ष. भाषेचं बी डोक्यात जन्मतःच असतं, ऐकलेले शब्द म्हणजे नुसतं पाणी. तिसरा हिशेबी. तान्ही बाळं म्हणे पाळण्यात पडल्या पडल्या मोजत असतात, कुठल्या आवाजामागून कुठला येतो. त्यातूनच त्यांना एकेक शब्द सुटा कळायला लागतो. पाळण्यातले कारकून! चौथा पक्ष म्हणतो की हा सगळा झेलाझेलीचा खेळ. मूल काहीतरी फेकतं, समोरच्यानं ते झेलायचं आणि परत फेकायचं. कोणी झेललंच नाही तर मूल फेकायचं थांबतं.

"आणि तुझा पक्ष कुठला?"

"सगळ्यांत थोडं थोडं तथ्य वाटतं मला. पण एक नक्की, बाबा. दुरुस्तीनं मुलं व्याकरण शिकत नाहीत. ती आशय ऐकतात, दुरुस्ती ऐकतच नाहीत."

हे ती मला का सांगत होती? इस्त्री एकाच बाहीवर तीनदा फिरली. कुठंतरी पाणी मुरतंय.

बी-पक्षाचं मात्र पटलं. हा आमचा मुलगा जन्मतःच घुमा. माझ्या बायकोच्या माहेरचे सगळे तसेच. ती मात्र बोलकी होती. चार वर्षं झाली तिला जाऊन, घरातला आवाजच गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगी न्हाणीघरातून ओली येऊन म्हणाली, "आजोबा, मी अंघोळ करली!"

"करली नाही. केली."

"केली."

"पूर्ण वाक्य."

"मी अंघोळ केली." आणि पळाली. साबणाच्या फुग्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं वाटतं, ते राहिलं.

सूनबाई ऐकत होती. तिला केवढा आनंद! "बाबा, 'करली' असं या घरात कोणीच म्हणत नाही. म्हणजे तिनं ते ऐकलेलं नाही, स्वतः बनवलंय! 'बसली', 'हसली' यांच्यावरून नियम काढला आणि लावला. चुकलं म्हणूनच तर इतकं सुंदर आहे!"

चुकलं म्हणून सुंदर! चाळीस वर्षांत एकाही लेखकाची एवढं म्हणायची छाती झाली नव्हती.

मी मुलाला कसं शिकवलं! सात वर्षांचा असताना रविवारी शेजारी बसवायचो, मुद्रितं तपासण्याच्या सगळ्या खुणा शिकवल्या. ही खूण म्हणजे जागा सोडा. ही म्हणजे अक्षर उलटं बसलंय. आणि चुकून खोडलेल्या शब्दाखाली बारीक टिंबं दिली, की अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं समजायचं, शब्द राहू द्या, खोडलेलं धरू नका. ती खूण त्याला फार आवडायची. घरभर टिंबं देत फिरायचा.

एकदा शाळेतून धावत आला. दप्तर पाठीवरच, काहीतरी सांगत होता. एका दमात पाच चुका. पाचही दाखवल्या. त्यानंतर माझ्यासमोर कधी चुकला नाही. त्याला म्हणतात शिकवणं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाई मोजते, तर मीही मोजीन. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर सुरुवात केली आहे — मुंगी माझ्याशी दिवसात किती वाक्यं बोलते. आज एकोणतीस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चोवीस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अठरा! आणि एक वेगळीच गोष्ट दिसली. मुंगी माझ्याशी बोलायच्या आधी थांबते. ओठ हलतात, आवाज नाही. मग एकदम सगळं वाक्य बाहेर. शुद्ध, सपाट. महिन्याभरापूर्वी असं नव्हतं. तेव्हा खोलीत शिरण्याआधीच बोलायला सुरुवात व्हायची.

हे तिला कोणी पढवलं? वीस घरांवर प्रयोग चाललेत, मग आमच्या घरात म्हाताऱ्यावर वेगळा प्रयोग कशावरून नसेल?

आणखी एक. मुलगा रोज संध्याकाळी साडेपाचला घरी येतो आणि मुंगीला घेऊन गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जातो. आज घड्याळ लावलं. पाऊण तास! आणलेले कपडे सहा. सहा कपडे काढायला पाऊण तास? तोंडातून अक्षर न काढणारा माणूस वर करतो तरी काय?

१६ फेब्रुवारी, रविवार

ही वही रुमालांखाली असते, ड्रॉवरच्या तळाशी. वर पांढरा दोरा आडवा ठेवतो. जुनी सवय. छापखान्यातही टेबलाच्या खणावर ठेवायचो. आज दोरा जागेवर नव्हता, रुमालाच्या घडीत अडकलेला. खिडकी उघडी होती हे खरं. पण वारा ड्रॉवर उघडतो का?

सूनबाईच्या चेहऱ्याकडे दिवसभर बघितलं. तिनं दोनदा विचारलं, "बाबा, काही हवंय का?" कबूल करणाऱ्यांतली नाही ती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तेरा. त्यातली चार नुसती "हो, आजोबा".

जेवणाच्या टेबलावर मी विषय काढला. म्हटलं, "पोरीला कानाच्या डॉक्टरकडे न्या. बोलणं कमी होतंय तिचं."

सूनबाई म्हणाली, "कान उत्तम आहेत तिचे. आणि बोलणं कमी नाही, बाबा. उलट —" आणि मुलानं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. दोघांनी मूग गिळले, मी एकटा घास गिळत बसलो.

उलट काय?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आता शंकाच उरली नाही. मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दोघं कुजबुजत होते. स्पष्ट ऐकलं.

ती: "कधीतरी सांगावं लागेलच त्यांना."

तो: "नको. एवढ्यात नको."

माझी चप्पल वाजली. नळ सुरू झाला. भांडं धुतल्याचं नाटक. भांडं आधीच स्वच्छ होतं!

बाइंडर वाकडा असेल, पण वेडा नाही. जुनी बॅग माळ्यावरून काढून बघितली. चेन चालते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याकडून एक — चूक म्हणवत नाही. पण झालं खरं.

सूनबाई जेवणाच्या टेबलावर छापील कागदांची चळत विसरून गेली. मुंगी झोपली होती. बघितलं, तर यंत्रातलं सगळं बोलणं उतरवून काढलेलं. डावीकडे नाव: मूल, आई, वडील, आजोबा. उजवीकडे जो जे बोलला ते. मुंगीचं एकेक वाक्य म्हणजे चुकांचं वारूळ. "चिऊ उडून येली." "मी नाही खाल्लं, त्यानं खाल्ली." असा कागद समोर आला आणि हातात लाल पेन नाही, असं चाळीस वर्षांत घडलेलं नाही. हात आपोआप चालला. अठ्ठावीस पानं. वेलांट्या, क्रियापदं, सगळं. शेवटी सवयीनं कोपऱ्यात सही आणि तारीख.

वाटलं, खूश होईल. फुकटात काम झालं.

ती आली. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं आणि खुर्चीत बसली. "बाबा, तुम्ही मुंगीच्या चुका दुरुस्त केल्यात?"

"एकही सुटलेली नाही."

"अहो, त्या चुकाच तर माझं काम आहेत!" आवाज रडका होता की हसरा, कळलं नाही. बहुतेक दोन्ही. नशीब, संगणकात दुसरी प्रत आहे म्हणे. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. शरमही वाटत होती, पण ती कोणाला दाखवणार?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कालपासून मनात एक घोळतंय. दुरुस्तीच्या धुंदीत तेव्हा लक्ष गेलं नाही. शेवटच्या चार पानांवर डावीकडे सगळीकडे "वडील" होतं. आणि उजवीकडे? भरगच्च मजकूर! दहा-दहा ओळींची भाषणं. कुठल्याशा लिफ्टची गोष्ट.

आमचा मुलगा? चार पानं? तो वर्षभरात माझ्याशी चार पानं बोलत नाही.

उघड आहे. दुसऱ्या कुठल्या तरी घराची पानं आपल्यात मिसळलीत. छापखान्यात हे नेहमी व्हायचं. एकदा स्तोत्रांच्या पुस्तकात शिवणयंत्राचं माहितीपत्रक बांधलं गेलं होतं, बाइंडरच्याच हातून. सूनबाईची ही चूक धरायला हवी. कालचं उट्टं निघेल!

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. "तुझ्या कागदांत परक्या घराची चार पानं आहेत. 'वडील' म्हणून जो कोणी बोलतो, तो आपला नव्हे."

सूनबाईचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, वाद घालेल. तर हळूच म्हणाली, "ती आपलीच पानं आहेत, बाबा." मग मला म्हणाली, "चहा घेता का?"

खोटं बोलतेय. चूक कबूल करायला नको म्हणून.

उतरवलेली प्रत संशयास्पद असली, की मूळ प्रतीशी ताडून बघायची. माझ्या धंद्याचा पहिला नियम. आणि मूळ प्रत त्या काडेपेटीत आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी सूनबाई संस्थेतून आली ती सरळ गच्चीवरच गेली. रात्री फ्रॉक धुवायला पडला, यंत्र फळीवर राहिलं. आज दुपारी मुंगी झोपली आणि मी बटण दाबलं. चोरीच ती.

आधी नुसता वारा. चिमटे डब्यात पडल्याचा आवाज. मग एक माणूस बोलायला लागला.

मी यंत्र कानाजवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. मला आवाज ओळखू येईना. आवाज माझ्या मुलाचा होता!

"एक होती लिफ्ट. तिला तिसरा मजला आवडायचा नाही. का? तर तिसऱ्या मजल्यावर राहायचा एक लठ्ठ कुत्रा. तो आत शिरला की लिफ्टच्या पोटात दुखायचं. मग ती काय करायची? दुसऱ्यावरून टुणकन उडी मारायची थेट चौथ्यावर!"

लिफ्टचा आवाज काढत होता. कुत्र्याचा काढत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा बारीक आवाजसुद्धा! आणि मुंगी! श्वास घ्यायला थांबत नव्हती. ओठ हलवून वाट बघणं नाही, काही नाही.

"मग लिफ्ट खाली येली?"

"येली! धाडकन येली! आणि कुत्र्यानं काय करलं?"

"कुत्र्यानं शी करली!"

दोघं हसत सुटले. एका दमात पाच चुका. त्यातल्या तीन माझ्या मुलाच्या, आणि मुद्दाम केलेल्या. लाल पेन खिशातच होतं. मी तसाच बसून राहिलो.

मग दार वाजलं, सूनबाईचा आवाज आला. तिनं मुंगीला कबुतरांकडे पिटाळलं. पुढचं जसं ऐकलं तसं लिहितो.

ती: "बाबांना वाटतंय, ती पानं दुसऱ्या घरची आहेत. मला बघवेना त्यांच्याकडे. अजून किती दिवस नाही सांगायचं?"

तो: "नको सांगूस."

ती: "आकडे बघितलेस ना तू? आपल्यात असताना ती अखंड बोलते. ते खोलीत आले की निम्म्यापेक्षा कमी. आणि आता ते ओठ हलवणं. हे कुठून आलं, तेच मला कळत नाहीये."

मग मोकळी जागा. तीच, त्याची. मी ती इतकी वर्षं ऐकत आलोय.

"ते मी शिकवलंय तिला."

"तू?"

"आजोबांशी बोलताना आधी मनात म्हणून बघायचं. चूक नाही ना, बघायचं. मग बोलायचं. म्हणजे कोणी मध्ये अडवत नाही. मी तसंच करायचो. जमतं हळूहळू. मला जमलं ना."

चिमट्यांचा आवाज. मग तोच म्हणाला, "त्यांना नको सांगूस. आई गेल्यापासून दिवसभर एक मुंगीच आहे त्यांना. हे कळलं तर तिच्याशीही बोलायला घाबरतील. लागेल त्यांना."

मी बंद केलं.

ताईकडे पाठवायचं नव्हतंच कोणाला. लपवत होते ते हे, आणि माझ्यासाठी.

मी म्हणायचो, हा घुमा. मी म्हणायचो, लपवतो. तो तपासत होता! प्रत्येक उत्तराआधी, गेली तीस वर्षं, माझ्या हातात देण्याआधी स्वतःचंच मुद्रित तपासत होता. सूनबाई म्हणते, मुलं दुरुस्तीतून व्याकरण शिकत नाहीत. खरं असेल. पण कोणासमोर जपून बोलायचं, एवढं नक्की शिकतात.

त्या दिवशी तो शाळेतून धावत आला होता. पाच चुका मला आजही आठवतात. पाचही पाठ आहेत. पण शाळेत झालं काय होतं, ते मला माहीत नाही. मी ते विचारलंच नाही आणि त्यानं पुन्हा सांगितलं नाही. दप्तर पाठीवर घेऊन पळत येण्यासारखं काय झालं असेल?

मुंगी उठली तेव्हा माझे डोळे बघून म्हणाली — आधी ओठ हलले — "आजोबा, तुम्हाला बरं नाही का?" एकही चूक नव्हती. मला ते ऐकवेना.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवलं होतं, अजिबात दुरुस्त करायचं नाही. दुपारी मुंगी म्हणाली, "बाहुली झोपून येली." मी जीभ चावून गप्प. तर ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत होती. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर स्वतःच म्हणाली, "आली. बाहुली झोपून आली." आणि बाहुलीला उचलून दुसऱ्या खोलीत गेली. माझं काम आता मी न करताही होतंय. याहून वाईट काही असेल असं वाटत नाही.

तिकडून आवाज आला. बाहुलीला म्हणत होती, "असं नाही. पूर्ण वाक्य."

१ मार्च, शनिवार

आज यंत्राचा दिवस. यंत्र असो नाहीतर नसो. मी अंघोळ करून आलो, पंचा डोक्यावर तसाच, आणि मुंगीसमोर उभा राहून म्हणालो, "मुंगे, मी अंघोळ करली!"

तिनं ठोकळे खाली ठेवले. डोळे केवढे! "आजोबा! केली!"

"छे. करलीच."

"केली! केली! केली!" पोटावर आडवी होऊन हसत होती. मग माझा पाय धरून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येतच नाही." ओठ आधी हलले नाहीत. मी मुद्दाम बघत होतो.

मग सुरूच झाली. कुत्रा, लिफ्ट, कबुतर, बाहुलीची शी, काय वाटेल ते. मी अठ्ठावन्नपर्यंत मोजलं आणि मग पेन्सिल सापडेना, म्हणून सोडून दिलं. जीभ दाताखाली धरून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत सोलवटली.

सूनबाई हे सगळं यंत्रात ऐकेल. ऐकू दे. माझी चूक छापून येऊ दे, सहीसकट.

बाइंडरला भेटलो, त्यानं विचारलं, "मग? बॅग भरली का?" मी म्हटलं, "तू तुझी स्तोत्रं आणि शिवणयंत्रं बघ." रुसला.

२ मार्च, रविवार

मुंगीचं सोपं होतं. मुलाचं कसं करायचं?

सकाळी समोर बसला होता. बिस्किट चहात बुडवत. आम्ही दोघंच. मी तोंड उघडलं आणि वाक्य मनात जुळवून बघितलं. नीट वाटेना. शब्द बदलले. पुन्हा जुळवलं. त्यानं मान वर केली. "काही म्हणत होतात, बाबा?"

केवढी मोकळी जागा गेली मध्ये! या वेळी माझी.

"नाही," मी म्हटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठंतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. बिस्किट तसंच चहात.

बोलता येत नसेल तर निदान लिहून बघावं, सराव म्हणून.

तू घुमा नव्हतास. चूक माझी होती. शाळेत काय झालं होतं त्या दिवशी?

वरच्या ओळीवर आडवी रेघ मारली. कागदावरसुद्धा धीर होईना. वही बंद. दोरा.

४ मार्च, मंगळवार

दोरा जागेवर नाही. खिडकी बंद होती.

परवाचं पान उघडलं. खोडलेल्या ओळीखाली टिंबं. पेन्सिलीची, बारीक, सारख्या अंतरावर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. या घरात ती खूण दोघांनाच ठाऊक आहे.

म्हणजे वाचतो तो. कधीपासून, देव जाणे. सगळं वाचलं असणार. गच्ची, घड्याळ, बॅग, सगळं.

आज दोरा लावत नाही. वही ड्रॉवरवर, उघड्यावर ठेवतो आहे. पुढचं पान कोरं सोडलं आहे आणि शेजारी पेन्सिल. लाल पेन मुंगीला चित्रं काढायला दिलं.